दुर्बिणीचा नेम: सूक्ष्मतरंग दुर्बीण नेमकी कुठे बघतेय हे कसं ठरवायचं

दुर्बिणीला दिगंश (उत्तरेपासून मोजलेली दिशा) १३५ आणि उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) ५० वर जायला सांगितलं आणि एन्कोडरने 'पोचलो' असं कळवलं, तरी बीम, म्हणजे दुर्बीण एका वेळी बघते तो आकाशाचा ठिपका, तिथेच पडतोय याची खात्री नसते. एन्कोडर सांगतो तो फक्त आसावर बसवलेल्या चकतीचा कोन. चकती आणि आकाश यांच्यामध्ये बेअरिंग, सांगाडा, आरसे, रिसीव्हर, हवा, घड्याळ आणि सॉफ्टवेअर एवढी मंडळी असतात, आणि यातला एकही अगदी सरळ वागत नाही. २६ बिटांचा एन्कोडर ०.०२ विकलेपर्यंत कोन वाचतो. पण नव्या दुर्बिणीचा नेम पहिल्या रात्री सहज काही कलांनी चुकलेला असतो. (१ अंश म्हणजे ६० कला, १ कला म्हणजे ६० विकला. पुढे सगळीकडे हेच माप.)

दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणीत तारा दिसतो, तो मध्यावर आणला की काम झालं. वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी (महास्फोटानंतर उरलेलं प्राचीन प्रारण) मोजणाऱ्या दुर्बिणीत बघायला काही नसतंच. डिटेक्टरचा सिग्नल बहुतांशी हवेचा असतो, हवा हलली की तोही हलतो, आणि ज्याचा नकाशा काढायचा ते आकाश त्यात कुठेतरी दबलेलं असतं. म्हणून नेम आधी तेजस्वी स्रोतांवर मोजायचा, मग त्याचं मॉडेल बांधायचं आणि शेवटी नकाशातूनच तपासायचा.

इथली बहुतेक आकडेमोड अटाकामा कॉस्मॉलॉजी टेलिस्कोपच्या (पुढे नुसतं एसीटी) मापांवर आहे. ही ६ मीटरची दुर्बीण चिलीत सेरो टोको डोंगरावर ५१९० मीटर उंचीवर होती आणि २००७ ते २०२२ या काळात तिने निरीक्षणं केली. दक्षिण ध्रुवावरच्या १० मीटर साउथ पोल टेलिस्कोपचं (एसपीटी) आणि बायसेपसारख्या छोट्या दुर्बिणींचं गणित काही ठिकाणी अगदी वेगळं पडतं, ते त्या त्या जागी येईल.

किती चूक खपते

ते बीमच्या रुंदीवर ठरतं. एसीटीचा बीम १५० गिगाहर्ट्झला सुमारे १.४ कला, म्हणजे ८४ विकला रुंद (अर्ध्या उंचीवर मोजलेली पूर्ण रुंदी). बायसेप२ चं भिंग जेमतेम २६ सेंटीमीटरचं, त्यामुळे बीम अर्ध्या अंशाचा. सेरो टोकोवरच्याच क्लास दुर्बिणीचा ४० गिगाहर्ट्झचा बीम दीड अंशाचा. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटीची ४५ मीटरची थाळी १४०० मेगाहर्ट्झला साधारण २४ कलांचा बीम देते. तिथे एका कलेने नेम चुकला तर मध्यावरच्या स्रोताचा अर्धा टक्का सिग्नल जातो. एसीटीत तेवढीच चूक झाली तर तीन चतुर्थांश सिग्नल जातो.

बीमच्या दहाव्या भागापेक्षा कमी चूक असावी, असा रूढ नियम आहे. तेवढ्या चुकीने शिखर २.७ टक्के खाली येतं. पण नकाशा काढणाऱ्या दुर्बिणीला हा नियम पुरेसा कडक नाही असं आमचं मत. एका स्रोताची उंची इथे महत्त्वाची नसते. महिनोन्‌महिने तोच तुकडा पुन्हा पुन्हा स्कॅन होतो, दर वेळी नेम थोडा वेगळीकडे पडतो आणि बेरजेत बीम पसरट होतो. प्रत्येक दिशेत ५ विकलांची यादृच्छिक थरथर असेल तर मल्टिपोल ५००० ला (सुमारे दोन कलांच्या कोनावर) पॉवर स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या कोनावर किती चढउतार आहे याचा आलेख, १.५ टक्के घटतो, १० विकला असेल तर ५.७ टक्के. हे बीममध्ये धरलं नाही तर आकाशच तसं आहे असा निष्कर्ष निघतो.

आधी पंचांग, मग दुर्बीण

नव्या दुर्बिणीच्या नेमातल्या मोठ्या चुका बऱ्याचदा लोखंडात नसतात, सहनिर्देशकांच्या गणितात असतात. म्हणून पाना उचलण्यापूर्वी पुढचे आकडे डोळ्यांखालून घालावेत, कारण चुकीचा आकारच चोर सांगतो. संपातचलन (पृथ्वीच्या आसाच्या डोलण्याने सहनिर्देशकांचं सरकणं) वर्षाला ५०.३ विकला: कॅटलॉग २००० सालच्या संदर्भातला आणि निरीक्षण २०२५ चं असेल, तर हे विसरल्यावर २१ कलांची चूक. पृथ्वीच्या कक्षीय गतीमुळे होणारं विपथन (दिशेचं भासमान सरकणं) २०.५ विकलांपर्यंत. चंद्राचा पॅरलॅक्स (निरीक्षकाच्या जागेमुळे दिसणारं सरकणं) क्षितिजाजवळ ५७ कला, उन्नतांश ५० वरही ३७ कला. पृथ्वीच्या केंद्रावरून काढलेली स्थिती वापरली तर चंद्र स्वतःच्या व्यासाहून अधिक सरकलेला सापडतो. जेपीएलच्या होरायझन्स या ग्रहस्थिती देणाऱ्या सेवेत निरीक्षकाचं ठिकाण मुद्दाम भरावं लागतं, नाहीतर उत्तर भूकेंद्रावरचं मिळतं. शुक्र अगदी जवळ आला की त्याचाही पॅरलॅक्स अर्ध्या कलेच्या वर जातो. युरेनसचा अर्धी विकलाही नाही, तो विसरला तरी बिघडत नाही.

वक्रीभवनात (हवेत किरण वाकण्यात) एक खाचखळगा आहे. ॲस्ट्रोपाय या खगोलशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये क्षितिज-सहनिर्देशक काढताना दाब मुळात शून्य धरलेला असतो, म्हणजे वक्रीभवन लागूच होत नाही. दाब भरला तरी तरंगलांबी मुळात १ मायक्रॉन धरलेली असते, आणि त्यामुळे सूत्र दृश्य प्रकाशाचं लागतं. सूक्ष्मतरंगात पाण्याची वाफ कितीतरी जास्त वक्रीभवन करते. १०० मायक्रॉनच्या वरची तरंगलांबी दिली की ते रेडिओचं सूत्र वापरतं. तेव्हा दाब, तापमान, आर्द्रता आणि तरंगलांबी ही चारही मूल्यं हाताने भरा.

आकडे असे: ५५० हेक्टोपास्कल दाब, ० अंश सेल्सियस आणि १ हेक्टोपास्कल बाष्पदाब असताना वक्रीभवन ४५ अंशांवर सुमारे ३३ विकला, ५० अंशांवर २८, ३५ अंशांवर ४७. यातला वाफेचा वाटा फक्त एक विकला. समुद्रकिनारी दमट हवेत, २५ हेक्टोपास्कल बाष्पदाबाला, एकटी वाफ ४५ अंशांवर २१ विकला देते आणि एकूण आकडा ७५ च्या घरात जातो. अटाकामात दाब ५ हेक्टोपास्कलने बदलला तर फरक पाव-अर्ध्या विकलेचा. तिथे हवामानयंत्र बंद पडलं तर सरासरी दाब टाकून खुशाल पुढे जावं.

आता पृथ्वीच्या फिरण्याचं घड्याळ. यूटीसी (घड्याळाची प्रमाणवेळ) आणि यूटी१ (पृथ्वीच्या प्रत्यक्ष फिरण्याची वेळ) यांच्यात ०.९ सेकंदापर्यंत फरक असू शकतो, आणि आकाश सेकंदाला १५ विकला फिरतं. हा फरक देणारी सारणी इंटरनेटवरून ताजी होत असते. दुर्गम जागी जोडणी तुटली की सॉफ्टवेअर जुनी सारणी मुकाट्याने वापरत राहतं. ही चूक आणखी एका कारणाने त्रास देते, ते मॉडेलच्या भागात सांगतो.

कशावर नेम धरायचा

चिलीतून ग्रह उत्तम. युरेनस साडेतीन विकलांचा आणि १५० गिगाहर्ट्झला सुमारे १०० केल्विनचा आहे. ८४ विकलांच्या बीममध्ये तो पसरून ०.१३ केल्विन उरतो. आमच्या लेखी नेमासाठी सगळ्यात चांगला ग्रह हाच: बिंदूसारखा आणि डिटेक्टरला न दमवणारा. शनीची तबकडी त्याच बीममध्ये ४ केल्विनच्या आसपास देते, तीही चालते. गुरू २५ केल्विनच्या वर जातो. इतक्या सिग्नलला टीईएस (अतिवाहक, उष्णता मोजणारा) डिटेक्टर सरळ रेषेत वागेलच असं नाही. शिखर चपटं झालं की केंद्र शोधणाऱ्या फिटवर परिणाम होतो, आणि बीमची रुंदी तर हमखास चुकीची निघते. मंगळाची तबकडी साडेतीन ते पंचवीस विकला बदलते, त्यामुळे त्याचा दर महिन्याला नव्याने हिशेब करावा लागतो.

क्रॅब नेब्युला ध्रुवीकरणाच्या कोनासाठी उत्तम, पण तो काही कला पसरलेला आहे. विकलांच्या नेमासाठी त्याच्या वाटेला जाऊ नये. चंद्र फक्त मोठ्या बीमवाल्यांसाठी. क्लास तोच वापरते. चंद्राच्या कलेनुसार उष्ण भाग एका बाजूला सरकतो आणि तेजाचं केंद्र भौमितिक केंद्राशी जुळत नाही. सूक्ष्मतरंग पृष्ठभागाच्या जरा खालून येतात, म्हणून हे सरकणं डोळ्यांना दिसणाऱ्या कलेच्या मागून चालतं.

दक्षिण ध्रुवावर ग्रहांचा उपयोग कमी. ते क्रांतिवृत्ताजवळ असतात, म्हणजे साडेतेवीस अंशांच्या फार वर येत नाहीत आणि अर्धा काळ क्षितिजाखाली असतात. एसपीटी म्हणून आरसीडब्ल्यू ३८ आणि मॅट५ए या दोन आयनित हायड्रोजनच्या ढगांवर नेम तपासते. ध्रुवावर उन्नतांश म्हणजे क्रांतीच (खगोलीय विषुववृत्तापासूनचा कोन), फक्त चिन्ह उलटं: पहिला ढग कायम ४७.५ अंशांवर, दुसरा कायम ६१ अंशांच्या थोडा वर. दोघेही चोवीस तास उपलब्ध आणि चोवीस तासांत पूर्ण दिगंश फिरून येतात. उन्नतांशाचे मात्र दोनच बिंदू मिळतात, त्यामुळे त्या पट्ट्याच्या फार बाहेर मॉडेलवर विसंबता येत नाही.

स्कॅन

चिलीतली सोपी पद्धत: उन्नतांश स्थिर ठेवायचा, दिगंशात इकडून तिकडे झाडू मारत राहायचं, आणि ग्रह उगवताना किंवा मावळताना आपोआप आडवा जाऊ द्यायचा. सेरो टोकोच्या अक्षांशावर ग्रह पूर्वेला सेकंदाला १३.८ विकला वर चढतो. एक अंशाचा फोकल प्लेन (डिटेक्टर बसवलेली पाटी) ओलांडायला त्याला साडेचार मिनिटंही लागत नाहीत, म्हणून आगमनाची वेळ अचूक काढून किमान दोन मिनिटं आधी स्कॅन चालू करावा.

फेरीची लांबी बेताने ठरवा. दिगंशात ५ अंशांची फेरी सेकंदाला १.५ अंश वेगाने ३.३ सेकंद घेते, वळायला साधारण एक सेकंद. तेवढ्यात ग्रह ६० विकला चढतो. ८४ विकलांच्या बीमला दोन रांगांत ६० विकला अंतर म्हणजे विरळ पेरणी झाली. एकेका डिटेक्टरचं उन्नतांशातलं केंद्र नीट सापडत नाही. फेरी २ अंशांची केली की अंतर ३२ विकलांवर येतं. ध्रुवावर ग्रहही चढत नाही आणि ढगही, म्हणून तिथे प्रत्येक फेरीनंतर उन्नतांशाची पायरी स्वतः चढावी लागते.

डेटा साफ करताना: वळणावरचे, प्रवेग असलेले नमुने टाका. हवेची बहुपदी बसवण्याआधी स्रोताभोवती बीमच्या तिप्पट त्रिज्येचा भाग झाका, नाहीतर बहुपदी स्रोतच गिळते आणि दोन्ही बाजूंना खड्डे पडतात. फिल्टर दोन्ही दिशांनी सारखा लावा. फक्त पुढच्या दिशेने चालणारा फिल्टर शिखर मागे ओढतो. मग प्रत्येक डिटेक्टरचा नकाशा काढून त्यात गॉसियन बसवा. केंद्राची अनिश्चितता अंदाजे बीमच्या निम्म्या रुंदीला सिग्नल-नॉइज गुणोत्तराने भागल्यावर मिळते: गुणोत्तर ५० असेल तर एक विकलेच्या आत.

डावं-उजवं

मॉडेलला हात लावण्याआधी एक चाचणी कराच. डावीकडे जातानाचा आणि उजवीकडे जातानाचा डेटा वेगळा काढून दोन नकाशे करा आणि दोन्हीतल्या केंद्रांतला फरक मोजा.

उन्नतांश ५० वर दिगंशाचा दीड अंशाचा वेग आकाशात ०.९६ अंश होतो. म्हणजे एक मिलिसेकंद म्हणजे साडेतीन विकला. डिटेक्टरचा प्रतिसाद १०० हर्ट्झला उतरत असेल तर त्याचा कालांक (प्रतिसादाला लागणारा वेळ) १.६ मिलिसेकंद, आणि स्रोत हालचालीच्या दिशेने साडेपाच विकला पुढे सापडतो. उलट फेरीत तेवढाच उलटीकडे. ४०० हर्ट्झने नमुने घेत असाल आणि एन्कोडरची रांग डिटेक्टरच्या रांगेपासून एका घराने सरकली, तर २.५ मिलिसेकंद, जवळजवळ ९ विकला. डेटा घेणाऱ्या यंत्रणेतल्या डिजिटल फिल्टरचाही उशीर असतो, आणि तो डिटेक्टरच्या बाजूला असतो, एन्कोडरच्या बाजूला नसतो.

हे सगळं एकाच फरकात मिसळलेलं असतं. वेगळं करायचं तर तोच ग्रह सेकंदाला ०.५, १ आणि १.५ अंश अशा तीन वेगांनी स्कॅन करा. फरक वेगाच्या प्रमाणात वाढला तर दोष वेळेचा: घड्याळ, फिल्टर किंवा कालांक. सगळ्या डिटेक्टरना सारखाच असेल तर घड्याळ-फिल्टर. डिटेक्टरगणिक वेगळा आणि हवेच्या भारानुसार बदलणारा असेल तर कालांक, कारण टीईएसचा वेग त्यावर पडणाऱ्या उष्णतेवर अवलंबून असतो. वेग कितीही बदलला तरी फरक तेवढाच राहिला तर एन्कोडरच्या जोडणीत कुठेतरी ढिलेपणा आहे. स्क्रू बघा, गणित बघू नका. आणि फरक फक्त वळणाजवळच्या नमुन्यांत दिसला तर प्रवेगाने सांगाडा वाकतोय, तिथला डेटा आणखी थोडा छाटा.

डाव्या-उजव्याची सरासरी काढली की चूक आपोआप कटते, मग एवढा खटाटोप कशाला, असं वाटू शकतं. केंद्र कटतं हे खरं, पण नकाशातला बीम दोन बाजूंनी फाकलेला राहतो आणि तो लहान कोनांवर सिग्नल खातो.

मॉडेल

आता प्रत्येक मोजणीतून दोन आकडे हातात असतात: उन्नतांशातली चूक आणि त्याला काटकोनात, आकाशावरची आडवी चूक. आडवी चूक म्हणजे दिगंशातली चूक गुणिले उन्नतांशाचा कोसाइन. दिगंशातल्या ६० विकला उन्नतांश ५० वर आकाशात ३९ विकलाच असतात. हा कोसाइन एकदा विसरणं किंवा दोनदा लावणं, ही या कामातली सगळ्यात जुनी गफलत. दिगंश 'द' आणि उन्नतांश 'उ' धरले तर नेहमीचं मॉडेल असं:

उन्नतांशातली चूक = शून्यबिंदू + झोल × कोसाइन(उ) + क × कोसाइन(द) + ख × साइन(द)

आडवी चूक = दिगंशाचा शून्यबिंदू × कोसाइन(उ) + बीमची तिरप + आसांची काटकोनातली कसर × साइन(उ) + साइन(उ) × [क × साइन(द) − ख × कोसाइन(द)]

'झोल' म्हणजे वजनाने सांगाडा वाकणं, 'तिरप' म्हणजे बीम उन्नतांशाच्या आसाला काटकोनात नसणं. 'क' आणि 'ख' हे उभ्या आसाच्या कलण्याचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम भाग. चिन्हं तुमच्या दिगंशाच्या रूढीनुसार उलटतील, पण दोन्ही समीकरणांत क-ख तेच हवेत. तेच कलणं दोन्हीकडे दिसतं, म्हणून दोन्ही समीकरणं एकत्रच फिट करा. वेगवेगळी फिट करून दोन वेगळे क आले तर ती फुकट मिळालेली तपासणी आहे, फेकू नका.

अडचण वेगळीच आहे. उन्नतांश ४० ते ५५ एवढाच पट्टा वापरला तर आडव्या चुकीतल्या पहिल्या तीन पदांचे आकार एकमेकांसारखे दिसतात. फिट त्यांना मोठमोठ्या, एकमेकांना खाणाऱ्या किमती देतो: एक पद अधिक ४०० विकला, दुसरं उणे ३८०. आकडे निरर्थक असले तरी त्या पट्ट्यात उत्तर बरोबर येतं. पट्ट्याबाहेर पाऊल टाकलं की कोसळतं. सर्वेक्षण कायम एक-दोनच उन्नतांशांवर होणार असेल तर आमचा सल्ला: भौतिक अर्थाचा हट्ट सोडा आणि प्रत्येक उन्नतांशासाठी साधा एकेक ऑफसेट ठेवा. मॉडेल बरोबर हवं ते दुर्बीण जिथे बघते तिथे.

चिलीत आणखी एक खोड आहे. उन्नतांश ५० वर ग्रह फक्त उत्तरेकडून पूर्व-पश्चिमेपर्यंतच सापडतात. साधारण १०० ते २६० अंशांचा दक्षिणेचा पट्टा ग्रहांनी कधीच भरत नाही. आसाचं उत्तर-दक्षिण कलणं आणि उन्नतांशाचा शून्यबिंदू यांची म्हणूनच सरमिसळ होते. यावर उपाय टिल्टमीटरचा, म्हणजे कल मोजणाऱ्या यंत्राचा. तो फिरत्या भागावर, आसाच्या शक्य तितका जवळ बसवा. दर ३० अंशांवर थांबत पूर्ण फेरी मारा, प्रत्येक ठिकाणी मिनिटभर स्थिरावू द्या, आणि तीच फेरी उलट दिशेनेही मारा. वाचनांतून एका फेरीत एकदा वर-खाली जाणारी लाट म्हणजे आसाचं कलणं. फेरीत दोनदा येणारी लाट बेअरिंगच्या ओबडधोबडपणाची. स्थिर भाग म्हणजे टिल्टमीटर वाकडा बसवलाय एवढंच, तो सोडून द्या.

आता ते यूटी१ चं घड्याळ. त्यात चूक असेल तर आकाश ध्रुवीय आसाभोवती थोडं फिरलेलं भासतं. हे फिरणं गणिताने नेमकं दोन तुकड्यांत मोडतं: दिगंशाचा शून्यबिंदू आणि पूर्व-पश्चिम कलणं. म्हणजे मॉडेल ही चूक पूर्ण पचवतं, शेष (मॉडेल वजा करून उरलेल्या चुका) स्वच्छ दिसतात, कुणाला पत्ता लागत नाही. अर्ध्या सेकंदाची चूक चिलीच्या अक्षांशावर ७ विकलांचं खोटं कलणं दाखवते. टिल्टमीटरचं कलणं आणि ग्रहांवरून आलेलं कलणं जुळत नसेल तर आधी सारणीची तारीख बघा. डोंगराळ भागात ओळंबाच सरळ खाली नसतो, खडकाच्या वस्तुमानाकडे काही विकला ओढला जातो. तोही फरक इथेच दिसतो, पण तो वर्षानुवर्षं बदलत नाही. सारणीची चूक बदलत राहते.

ध्रुवावर पायाच बर्फावर. बर्फ वर्षाला सुमारे १० मीटर सरकतो आणि पाया कमी-जास्त खचतो, त्यामुळे कलणं वर्षभर मोजत राहावं लागतं. सरकण्याने ओळंबा वर्षाला फक्त ०.३ विकला बदलतो. पण भौगोलिक ध्रुवापासून किलोमीटरभर अंतरावर १० मीटर आडवं सरकणं म्हणजे रेखांशात अर्ध्या अंशाहून जास्त फरक. जीपीएसचा नवा रेखांश सॉफ्टवेअरमध्ये भरून दिगंशाचा शून्यबिंदू तसाच ठेवला तर नेम तेवढाच उडतो. दोन्ही एकदम बदला, नाहीतर दोन्हींना हात लावू नका.

पद वाढवण्याचा मोह आवरा. नवं पद घालण्यापूर्वी शेष चार गोष्टींसमोर मांडून बघा: दिगंश, उन्नतांश, दिवसाचा तास आणि तारीख. तारखेला एकदम उडी दिसली तर तिथे कुणीतरी काहीतरी सोडवलं-बसवलं आहे; देखभालीची नोंदवही काढा. मॉडेल बसवताना पाचपैकी एक मोजणी बाजूला ठेवा आणि मॉडेलने तिचं भाकीत करून बघा.

ऊन

दिवसाच्या तासासमोर शेष मांडले की जे वळण दिसतं ते सूर्याचं. पोलाद अंशाला दहा लाखांत १२ भाग वाढतं. तीन मीटर अंतरावरच्या तीन-तीन मीटरच्या दोन खांबांत एका अंशाचा फरक पडला तर एक खांब ३६ मायक्रॉनने लांब होतो आणि वरचा भाग अडीच विकला कलतो. पाच अंशांना १२ विकला. अॅल्युमिनियम असेल तर जवळजवळ दुप्पट. रात्रीचं मॉडेल म्हणून सूर्योदयानंतर चालत नाही, आणि सूर्यास्तानंतरही एक-दोन तास चालत नाही, कारण सांगाडा निवायला वेळ घेतो. खांबांवर थर्मामीटर लावा, पण त्यांच्या वाचनांवर विसंबून दिवसाचा नेम रात्रीइतका अचूक होईल अशी आशा धरू नका. ऊन आरशाचा आकारही बदलतं, म्हणजे नेमाबरोबर बीमही बिघडतो. दिवसाचा डेटा वेगळ्या नकाशात ठेवणं हेच शहाणपणाचं.

फोकल प्लेन आणि ताऱ्यांचा कॅमेरा

आतापर्यंतचं सगळं बोरसाइटचं, म्हणजे दुर्बिणीच्या मध्यरेषेचं, झालं. प्रत्येक डिटेक्टर त्यापासून कुठे आहे हे वेगळं मोजायचं, अनेक ग्रह-स्कॅनांची सरासरी काढून. ते जोडताना सपाट कागदाचं गणित वापरू नका. बोरसाइटपासून १ अंश आडवा असलेला डिटेक्टर 'त्याच उन्नतांशावर, दिगंशात थोडा बाजूला' धरला तर उन्नतांश ५० वर ३७ विकलांची चूक होते, ६० वर ५४ ची. क्वाटर्नियन (त्रिमितीतलं फिरणं मांडणारे चार आकडे) वापरा, त्यात ही भानगडच उद्भवत नाही.

बोरसाइटभोवती फिरणाऱ्या दुर्बिणींत फिरण्याचं केंद्र वेगळं शोधावं लागतं. तोच स्रोत तीन-चार कोनांवर बघा. सगळ्या डिटेक्टरना सारखंच वर्तुळ उरलं तर त्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे तुमच्या मानलेल्या केंद्रातली चूक.

बायसेपसारख्या अर्ध्या अंशाच्या बीमला ग्रहापेक्षा तारे सोयीचे. माउंटवर छोटा कॅमेरा बसवून ताऱ्यांवरून आसांचं मॉडेल काढतात. उन्हाळ्यात ध्रुवावर रात्र नसते, म्हणून तो निकट-अवरक्तात बघणारा असावा लागतो. पण कॅमेरा सांगतो तो कॅमेऱ्याचा नेम. त्याच्या मॉडेलमधलं तिरपेचं पद सूक्ष्मतरंग बीमला जसंच्या तसं लावणं ही नेहमीची चूक. बायसेप२ मध्ये प्रत्येक डिटेक्टरची जागा त्याचा तापमान-नकाशा प्लँक उपग्रहाच्या नकाशाशी जुळवून काढली गेली. मोठ्या बीमला ही पद्धत ग्रहांपेक्षा सरस, कारण सगळं आकाशच नेम धरायला मिळतं.

नकाशातून उलटतपासणी

शेवटी सर्वेक्षणाच्या नकाशातल्या तेजस्वी सक्रिय दीर्घिका घ्या आणि एटी२०जी या ऑस्ट्रेलियन २० गिगाहर्ट्झ कॅटलॉगमधल्या स्थानांशी जुळवा. दक्षिण आकाशासाठी एसपीटीनेही तोच वापरला. दीर्घिकांचं तेज कमी-जास्त होतं, जागा हलत नाही. सरासरी सरकण्यावर समाधान मानू नका. उगवतीचा आणि मावळतीचा नकाशा, प्रत्येक हंगाम, फोकल प्लेनचे दोन अर्धे असे तुकडे पाडून प्रत्येकाचं सरकणं वेगळं काढा.

आणि रुंदी बघा. ग्रहावर बीम ८४ विकला आणि दीर्घिकांच्या बेरजेत ८६ असेल तर दोन विकलांचा फरक क्षुल्लक वाटतो. वर्गांची वजाबाकी केली की १८ विकला रुंदीची, म्हणजे प्रत्येक दिशेत जवळजवळ ८ विकलांची थरथर निघते. पॉवर स्पेक्ट्रमसाठी हाच पसरलेला बीम वापरायचा, ग्रहावरचा नाही.

डेटात कच्ची एन्कोडर वाचनं कायम ठेवा आणि दुरुस्ती वेगळ्या, क्रमांक दिलेल्या फाइलमधून लावा. रिसीव्हर उघडला की डिटेक्टरांच्या जागा आणि तिरप नव्याने मोजा. दुय्यम आरसा हलवला की तिरप आणि झोल. एन्कोडर सोडवला की शून्यबिंदू. फर्मवेअर बदललं की, यंत्राला कुणी हातही लावला नसला तरी, डावं-उजवं.